यमुना उर्फ यमीमा

भाच्याला मुलगी झाली. बाळ-बाळंतीण घरी यायच्या आत फॅमिली ग्रुपवर नावांचा पाऊस सुरू झाला. भाचा क्रिकेटवेडा, त्याने जाहीरच करून टाकलं, "जेमिमा!" दोन मिनिटांत कुणीतरी नावांच्या साइटचा स्क्रीनशॉट टाकला. जेमिमा, मूळ हिब्रू, अर्थ कबुतर. खाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग. एकाने तर लिहिलं, "दादरला नेऊ नका, तिथं दाणे टाकायला बंदी झालीय."

ग्रुपवर मी सहसा तोंड उघडत नाही. पण हे नाव आमच्या घरात गेली सत्याहत्तर वर्षं आहे, आणि हे हसणाऱ्यांपैकी एकालाही आठवू नये? म्हणून इथे लिहितेय. लांबलंय, चहा घेऊन बसा.

आधी त्या कबुतराचं बघू. हिब्रूत कबुतराला रोजचा शब्द आहे 'योना'. हो, तोच, माशाच्या पोटात तीन दिवस राहिलेला संदेष्टा. म्हणजे कबुतर नावाचा माणूस बायबलमध्ये आहे आणि तो चांगला दाढीमिशीवाला पुरुष आहे. त्याला कुणी हसत नाही. 'येमीमा' हा हिब्रूतला रोजचा शब्द नाही. बायबलभर हे नाव एकदाच येतं. अभ्यासकांनी अर्थ लावला तो शेजारच्या अरबीवरून. अरबीत 'यमामा' म्हणजे रानातला होला. पाळीव कबुतराला तिथे वेगळा शब्द आहे, 'हमाम'. तेव्हा अर्थ सांगायचाच तर मराठीत होला म्हणा. दुपारी बाभळीवर बसून घुमणारा तो लहानसा, मातकट-गुलाबी पक्षी. खिडकीतल्या एसीवर घाण करणारा नव्हे.

दुसरा अर्थ त्याहून जुना आणि मला जास्त आवडणारा. ख्रिस्तापूर्वी यहुद्यांनी आपलं शास्त्र ग्रीकमध्ये नेलं, तेव्हा भाषांतर करणाऱ्याने हे नाव नाव म्हणून ठेवलंच नाही, सरळ अर्थ लिहिला: 'हेमेरा', म्हणजे दिवस. हिब्रूत 'योम' म्हणजे दिवस, तेच कानात ठेवून. पुढे जेरोमने लॅटिन बायबल केलं, त्यातही ती मुलगी 'दिवस'च. म्हणजे लॅटिन बायबल चाललं तिथे शेकडो वर्षं हे नाव कुणी ऐकलंच नसणार. सोळाव्या शतकात इंग्रजी भाषांतरं थेट हिब्रूवरून व्हायला लागली, प्युरिटन म्हणजे कडवी प्रोटेस्टंट माणसं जुन्या करारातली नावं शोधून शोधून पोरींना ठेवायला लागली, तेव्हा कुठे जेमिमा जन्मली.

आणि 'ज'? तो इंग्रजीचा. याकोबचा जेकब, योसेफचा जोसेफ झाला तसाच. आमच्या मराठी पवित्र शास्त्रात आजही 'यमीमा' आहे. म्हणजे नगर जिल्ह्यातल्या मिशनच्या शाळेतला मास्तर जे नाव घेत होता ते लंडनपेक्षा यरुशलेमच्या जवळचं होतं. हे मला उगाचच फार भारी वाटतं.

तो मास्तर म्हणजे माझे आजोबा. त्यांची पहिली दोन मुलं एकाच उन्हाळ्यात देवीच्या साथीत गेली. नंतर १९४८ साली मुलगी झाली. घरातल्या मोठ्या बायबलच्या आतल्या कोऱ्या पानावर त्यांनी जांभळ्या पेन्सिलीने लिहून ठेवलंय: "यमीमा. ईयोब ४२:१४." वर त्या दोघांची नावं आणि प्रत्येकापुढे दोन-दोन तारखा. जांभळी पेन्सिल ओली करून लिहायची, त्यामुळे 'य' जरा फुटलाय.

ज्यांना ईयोब माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ऊस नावाच्या देशातला हा श्रीमंत, सज्जन माणूस. त्याची गुरंढोरं गेली, वादळात घर कोसळून दहाही मुलं गेली, अंगभर फोड आले. समजूत काढायला आलेल्या मित्रांनी त्यालाच दोष दिला. शेवटी सगळं परत मिळतं, चौदा हजार मेंढरं, सहा हजार उंट, आणि पुन्हा दहा मुलं. सात मुलगे, तीन मुली. मुली कोण? यमीमा, कसीया आणि केरेन-हप्पूक. कसीया म्हणजे दालचिनीच्या जातीची सुगंधी साल. केरेन-हप्पूक म्हणजे सुरमा ठेवायचं शिंग, आपल्याकडची काजळाची डबी समजा. इतकं दुःख पचवलेला बाप पोरींना होला, दालचिनी आणि काजळाची डबी म्हणतो. माणूस हसायला लागला होता पुन्हा.

आता खरी गंमत. सात मुलग्यांची नावं शास्त्रात दिलेलीच नाहीत. (बायकोचंही नाही, हेही सांगून टाकते.) नावं आहेत ती फक्त पोरींची. आणि पुढच्याच ओवीत आहे की बापाने त्यांना भावांबरोबर वारसा दिला. हे साधं नाही. मोशेच्या नियमशास्त्रात मुलीला वारसा कधी? तर मुलगा नसेल तेव्हा. बायबलातल्याच सलाफहादाला मुलगा नव्हता, त्याच्या पाच पोरींनी भांडून तेवढं तरी मिळवलं होतं. इथे तर सात-सात भाऊ उभे आहेत, तरी पोरींना वाटा. नावांच्या साइटवर 'अर्थ' म्हणून हे कधी येत नाही. माझ्या मते या नावाचा निम्मा अर्थ इथे आहे.

आमच्या आत्याचं काय झालं ते सांगते. पाचवीला तालुक्याच्या शाळेत घातली. तिथल्या मास्तरांनी नाव विचारलं, ऐकलं, म्हणाले, "असं नाव नसतं," आणि रजिस्टरात लिहिलं 'यमुना'. आजोबा स्वतः मास्तर, पण भिडेखातर गप्प बसले. तेव्हापासून दाखल्यावर यमुना, रेशनकार्डावर यमुना, आधारवर यमुना. यमीमा उरली ती चर्चच्या रजिस्टरात आणि आमच्या 'यमूआत्या'त.

दोन्ही नावं एकत्र आली ती एकाच कागदावर. आजोबा गेल्यावर १९९६ मध्ये हक्कसोडपत्र झालं. आम्हा ख्रिस्ती लोकांना १९२५ चा वारसा कायदा लागू. त्यात भाऊ-बहीण सारखेच, वेगळं भांडायचीही गरज नाही. तरी बाबा आणि काकांनी कागद केला. मी तेव्हा कॉलेजात होते, आत्याला स्कूटरवरून निबंधक कचेरीत मीच घेऊन गेले. कारकुनाने वाचून दाखवलं: "लिहून देणार, यमुना उर्फ यमीमा..." आत्याने सही केली. ठसा दिला. अंगठ्याची शाई पदराला लागू नये म्हणून हात लांब धरून ती पायरीवर बसली होती. घरी आल्यावर आईने तिला मोतिया रंगाची साडी दिली. विहिरीसकट साडेतीन एकर आणि एक साडी. मीही काही बोलले नाही. उलट साडी छान आहे असं म्हणाले.

असो. नाव गाजतंय किती, तर जगात तसं बेताचंच. इस्रायलमध्ये येमीमा आहेत. येमीमा अविदार-चेर्नोविट्झ या तिथल्या गाजलेल्या बाललेखिका, १९८४ साली त्यांना इस्रायल पुरस्कार मिळाला. इंग्लंडात हे नाव जरा उच्चभ्रू. आपल्याकडे पहिल्यांदा कानावर पडलं ते १९९५ मध्ये, इम्रान खानने जेमिमा गोल्डस्मिथशी लग्न केलं तेव्हा. अमेरिकेत मात्र या नावाची पार माती झाली. १८८९ पासून 'आंट जेमिमा' नावाचं पॅनकेकचं पीठ विकलं जायचं, पाकिटावर डोक्याला फडकं बांधलेली, हसतमुख काळी मोलकरीण. गुलामगिरीच्या काळातली ती प्रतिमा वंशद्वेषी आहे हे कबूल करून ब्रँडचं नाव बदलायला २०२१ उजाडलं. टेक्सासमधली माझी मावसबहीण म्हणाली, "इथे हे नाव ठेवलं तर लोकांना आधी नाश्ता आठवेल."

आणि मग भांडुपची जेमिमा रॉड्रिग्ज. ३० ऑक्टोबर २०२५, नवी मुंबई, वर्ल्ड कपची सेमीफायनल. समोर ऑस्ट्रेलिया, पुढ्यात ३३९ चं लक्ष्य, आणि ही पोरगी नाबाद १२७. भाच्याला नाव सुचलं ते त्या रात्री. मला त्या रात्री श्रीरामपूरहून फोन आला. सव्वाअकरा वाजले होते. आत्या एरवी नवाला झोपते.

"बघितलीस का गं? माझ्या नावाची आहे."

"बघितली की."

"तिच्या शाळेत बरोबर लिहिलं असेल ना?"

तर काल मी तिला कळवलं की घरात पणती आलीय आणि नाव जेमिमा ठेवायचं चाललंय, तुझ्यावरूनच आहे असं समज. मला वाटलं डोळ्यात पाणी येईल. ती म्हणाली, "मी मेले का? एक यमीमा आहे की घरात. कसीया ठेवा, दालचिनी चांगली असते." मग जरा थांबून, "आणि जन्मदाखल्यावर तू स्वतः उभी राहून लिहून घे. तुझ्या भावावर सोडू नकोस."

उद्या सकाळी दहाला मी नगरपालिकेत जातेय. 'कसीया' मधला 'सी' दीर्घ.