मामाजी, पॅनल वितळत नसते

मागच्या रविवारी सकाळी आठ वाजता मानेवाड्याहून मामाजींचा फोन. ना रामराम, ना चहा झाला का. "काऊन बे, सिलिकॉन किती अंशाला वितळते?" पस्तीस वर्षं किराणा दुकान चालवलेल्या माणसाला हा आकडा कशाला हवा, ते व्हॉट्सॲप उघडल्यावर कळलं. तोवर ॲडव्हान्सचे पाच हजार देऊन झाले होते.

'नागपूरकरांनो सावधान' अशा मथळ्याचा तो मेसेज आतापर्यंत तुमच्याही ग्रुपवर आला असेल. त्यातलं म्हणणं असं: नागपूरचं तापमान ५६ अंशांवर गेलं, त्यामुळे छतावरच्या सोलर पॅनलमधले क्रिस्टल वितळून वाकडे होतात आणि म्हणूनच उन्हाळ्यात वीज कमी बनते. उपाय म्हणजे 'लेझर क्रिस्टल ट्रीटमेंट'. माणूस घरी येतो, काचेवरून लेझर फिरवतो, क्रिस्टल सरळ होतात, पॅनलची क्षमता २० वरून ४० टक्क्यांवर जाते. मोबाईलचा स्क्रीन आणि पुन्हा लिहिता येणारी डीव्हीडी याच तंत्रावर बनतात. जर्मनीत घरोघरी करतात, आपल्याकडे कंपन्या लपवतात. दर पॅनलला साडेचार हजार. मामाजींच्या छतावर सहा पॅनल आहेत.

५६ अंशांचं आधी उरकतो. मे २०२४ च्या शेवटी शहरातल्या एका स्वयंचलित केंद्रावर तो आकडा दिसला होता, हे खरं. सेन्सर बिघडला होता, हेही हवामान खात्यानं लगेच सांगितलं. नागपूरचा खरा विक्रम ४७.९ चा, मे २०१३ मधला. बरं, ५६ धरून चला. उन्हात पॅनल ६५-७० अंशांपर्यंत तापतो, तेही धरा. पॅनलमधले क्रिस्टल सिलिकॉनचे, आणि सिलिकॉन वितळतं १४१४ अंशांना. त्याच्या कितीतरी आधी, ६६० अंशांना, पॅनलची ॲल्युमिनियमची फ्रेम वितळून खाली मामीच्या तुळशीवर गळेल. तुळस अजून शाबूत आहे.

उन्हाळ्यात वीज कमी बनते, एवढं मात्र मान्य करावं लागतं. पण त्यात क्रिस्टलला काही होत नाही. सेल, म्हणजे पॅनलमधली वीज बनवणारी चकती, तापला की त्याचं व्होल्टेज उतरतं. आजकालच्या पॅनलमध्ये दर अंशाला साधारण ०.३५ टक्के वीज घटते, आणि हा आकडा कंपनी स्वतःच माहितीपत्रकात छापते. पॅनलची क्षमता मोजतात सेल २५ अंशांवर ठेवून. मानेवाड्याच्या छतावर तो ६५ ला गेला की चाळीस गुणिले ०.३५, म्हणजे १४ टक्के गेले. संध्याकाळी सेल गार झाला की व्होल्टेज जागेवर. दुरुस्त करायला काही बिघडलेलंच नाही.

आता तो डेमो. यातच सगळी गोम आहे, आणि ती पकडली मामीनं. शनिवारी भर दुपारी दोन पोरं आली. एका पॅनलचा जोड काढून मीटर लावला, आकडा मामाजींना दाखवला. मग, मामीच्या शब्दांत, "दोन बादल्या पानी मारलं, फडक्यानं पुसलं, मंग ते टॉर्चवानी हिरवं हिरवं फिरवलं, अन् मंग पुन्हा मीटर लावलं." आकडा वाढला. मामाजी खूश. मी विचारलं, पाणी कशाला मारलं? तर म्हणे लेझरला काच स्वच्छ लागते.

रविवारी दुपारी मी तेच केलं, फक्त हिरवा टॉर्च सोडून. ओळखीच्या वायरमननं एका पॅनलचा जोड काढून दिला. तापलेल्या पॅनलवर मीटर ४४ व्होल्ट दाखवत होतं. पाणी मारलं, पुसलं, पाच मिनिटं थांबलो. ४७. धूळ गेली की करंट वाढतो, गारवा आला की व्होल्टेज वाढतं, आणि अर्ध्या तासात पॅनल पुन्हा तापला की ४४ वर परत. मामाजी मीटरकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हंजे सत्तावीस हजाराचं काम दोन बादल्यात?" (तापलेल्या काचेवर एकदम गार पाणी ओतू नका, तडकू शकते. धुवायचं तर सकाळी सहाला.)

मोबाईल स्क्रीनचा मुद्दा अर्धा खरा आहे, आणि अर्धं खरं असलेलंच जास्त चिकटतं. भारी फोनच्या स्क्रीनमध्ये प्रत्येक ठिपक्यामागे बारीक ट्रान्झिस्टर असतात. त्यासाठी काचेवर सिलिकॉनचा थर देतात, साधारण ५० नॅनोमीटरचा, म्हणजे केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्श्याहूनही पातळ. त्या थरात अणू विस्कटलेले असतात, इतवारीतल्या संध्याकाळच्या गर्दीसारखे. त्यातून इलेक्ट्रॉन धड पळत नाहीत. क्रिस्टल बनवायला थर तापवावा लागतो, पण भट्टीत घातलं तर सिलिकॉनच्या आधी खालची काचच नरम पडेल. म्हणून ३०८ नॅनोमीटर तरंगलांबीचा अतिनील लेझर वापरतात. एकेक झोत सेकंदाच्या कोट्यांशाहूनही लहान. तेवढ्यात थर वितळतो, गोठतो, दाणेदार क्रिस्टल होतो, आणि खालच्या काचेला पत्ताही लागत नाही. इलेक्ट्रॉनचा वेग त्यामुळे शंभरपटीच्या आसपास वाढतो.

पण यातली नजाकत बघा. झोताची ताकद अशी नेमकी लागते की थर जवळजवळ सगळा वितळावा आणि तळाशी चार कण घट्ट राहावेत. त्या कणांना धरून मोठे दाणे वाढतात. ताकद किंचित जास्त झाली, थर पुरता वितळला, की धरायला काही उरत नाही आणि मोठ्या दाण्यांऐवजी बारीक चुरा हाती येतो. ताकद कमी पडली तर काम अर्धवट. त्याआधी थरातला हायड्रोजन हळूहळू काढून घ्यावा लागतो, नाहीतर लेझर पडताच तो उसळून थर फाटतो. हे सगळं बंद कारखान्यात, उघड्या थरावर, मोजून-मापून. आणि इथे चप्पल घातलेलं पोरगं टॉर्च फिरवतंय.

शिवाय मामाजींच्या पॅनलमध्ये पातळ थर नाहीच. तिथे सिलिकॉनच्या अख्ख्या चकत्या आहेत, दीडशे मायक्रॉनच्या, म्हणजे त्या थराच्या तीन हजार पट जाड. आणि पॅनल मोनो असल्यामुळे प्रत्येक चकती आधीपासूनच एकच सलग क्रिस्टल. सरळ काय करणार, कप्पाळ? वर तीन-साडेतीन मिलिमीटर काच आणि प्लास्टिकचा चिकट थर. ३०८ नॅनोमीटरचा किरण बहुतेक त्या काचेत आणि चिकट थरातच विरतो. हिरवा किरण आरपार जातो, पण तो दुबळा असेल तर काहीच होत नाही आणि दमदार असेल तर चिकट थर जळतो, डाग पडतो, पंचवीस वर्षांची वॉरंटी तिथेच संपते. काचेवरून परतलेला दमदार किरण डोळ्यात गेला तर काय होईल ते वेगळंच. त्या पोरांच्या डोळ्यांवर साधा गॉगलही नव्हता, आणि मामाजी शेजारी वाकून बघत होते. माझा खरा राग यावर आहे.

डीव्हीडीचं खरं आहे. तिच्यात जर्मेनियम, अँटिमनी, टेल्युरियमसारख्या मिश्रधातूचा थर असतो. जोराचा क्षणिक झोत दिला की तो वितळून विस्कटलेलाच गोठतो, मध्यम ताप दिला की पुन्हा क्रिस्टल होतो. दोन्हींची चमक वेगळी, म्हणून लिहिता-पुसता येतं. पण ते त्या पदार्थाचे गुण. साखरेचा पाक होतो म्हणून मिठाचा होत नाही.

राहिले ४० टक्के. विल्यम शॉकली आणि हान्स क्वाइसर या भौतिकशास्त्रज्ञांनी १९६१ मध्येच हिशोब मांडला की एकाच पदार्थाचा, एकाच थराचा सोलर सेल उन्हातली फार तर एक तृतीयांश ऊर्जा विजेत बदलू शकतो. सिलिकॉनसाठी ती कमाल सुमारे २९ टक्के धरतात. वेगवेगळ्या पदार्थांचे थर एकावर एक रचलेले सेल ही मर्यादा ओलांडतात, पण मामाजींच्या छतावर एकच पदार्थ आहे, आणि काचेवरून काहीही फिरवलं तरी त्याचे दोन होत नाहीत. साठ वर्षांहून जुना हिशोब आहे, कोणी लपवलेला नाही.

जर्मनीबद्दल काय बोलणार! तिथलं कोणाचं छत मामाजींनी पाहिलंय?

ट्रीटमेंट रद्द झाली. मामाजी आता सकाळी सहाला पाइप घेऊन छतावर असतात आणि शेजाऱ्यांना शॉकलीचं नाव सांगतात, थोडं चुकवून. पाच हजार मात्र आलेले नाहीत. फोन लावला की पलीकडून उत्तर येतं, साहेब वर्ध्याला साईटवर आहेत.