‘द क्युअर’ १९८९ मध्ये संपला म्हणणाऱ्यांना

‘द क्युअर’ या ब्रिटिश बँडबद्दलचा एक मजकूर सोशल मीडियावर वर्षानुवर्षं फिरतोय. लिहिणारा बदलतो, माल तोच. लिपस्टिक फासलेल्या, केस पिंजारलेल्या एकाच माणसाचा हा रडका गॉथ, म्हणजे काळे कपडे नि काळोख्या सुरांच्या पंथातला, बँड. १९८९चा ‘डिसइंटिग्रेशन’ हा अल्बम त्याचा कळस. त्यानंतर ‘फ्रायडे आय’म इन लव्ह’ हे एक गाणं बाजारासाठी केलं आणि मग तीस-पस्तीस वर्षं जुन्या गाण्यांची पुंजी मोडून खाल्ली. आता जगभर दौरे करतात ते निव्वळ पैशांसाठी.

गंमत म्हणजे ही पोस्ट पुढे ढकलणाऱ्यांत बँडचे द्वेष्टे कमी आणि जुने चाहतेच जास्त दिसतात. एका अल्बमला डोक्यावर घ्यायचं तर बाकीचे पायाखाली घ्यायलाच हवेत, अशी काहीतरी रीत आहे. १९९८ मध्ये ‘साउथ पार्क’ या कार्टून मालिकेत बँडचा गायक रॉबर्ट स्मिथ याने स्वतःच्याच पात्राला आवाज दिला. शेवटी तो निघून जाताना एक पोरगा मागून ओरडतो की ‘डिसइंटिग्रेशन’सारखा अल्बम आजवर झालाच नाही. तो विनोद होता. लोकांनी त्याचा निकाल करून टाकला.

आधी रडकेपणाचं बघू. त्याला आधार आहे, नाही असं नाही. १९८०चा ‘सेव्हन्टीन सेकंड्स’, १९८१चा ‘फेथ’ आणि १९८२चा ‘पोर्नोग्राफी’ हे तीन अल्बम ओळीने ऐकले तर उठून खोलीतला दिवा लावावासा वाटतो. ‘पोर्नोग्राफी’ तर सगळे मेलो तरी काय बिघडतं, इथूनच सुरू होतो. पण हा हिशेब तीन वर्षांचा झाला. ससेक्समधल्या क्रॉली गावच्या शाळकरी मित्रांनी ‘द क्युअर’ हे नाव घेतलं १९७८ मध्ये. १९७९चा पहिला अल्बम आखूड, कोरड्या, चुरचुरीत गाण्यांचा आहे. त्याच्या कव्हरवर बँडचा फोटो नाही. तिथे एक दिवा आहे, एक फ्रिज आणि एक व्हॅक्युम क्लीनर. त्यातलं ‘टेन फिफ्टीन सॅटर्डे नाइट’ हे गाणं रात्री सव्वादहाला ठिबकणाऱ्या नळाबद्दल आहे. यात दुःख आहे की कंटाळा, हे ज्याचं त्याने ठरवावं. मला तरी ते ऐकताना हसू येतं.

‘पोर्नोग्राफी’च्या दौऱ्यात बँड अक्षरशः फुटला. स्ट्रासबर्गमध्ये स्मिथ आणि बेस वाजवणारा सायमन गॅलप यांची हातघाई झाली आणि गॅलप निघून गेला. अशा वेळी उदासीचा धंदा करणारा माणूस आणखी एक काळा अल्बम काढता. स्मिथने त्याच वर्षी ‘लेट्स गो टू बेड’ नावाचं ठेका धरायला लावणारं, मुद्दाम उथळ गाणं काढलं. फिक्शन या त्यांच्या रेकॉर्ड कंपनीच्या ख्रिस पॅरीलाही आधीची प्रतिमा मोडायचीच होती. पाठोपाठ १९८३ मध्ये ‘द लव्हकॅट्स’ आलं: डबल बेस, जॅझचा झोका, मांजरांचं म्याव. ब्रिटनच्या पहिल्या दहांत पोचलेलं हे त्यांचं पहिलं गाणं, सातव्या क्रमांकापर्यंत. म्हणजे रडक्या बँडला पहिलं मोठं यश मिळालं ते मांजरांच्या गाण्यावर.

मला या पोस्टमधलं सगळ्यात खटकतं ते हे की उदास गाणी खरी आणि उड्या मारायला लावणारी गाणी बाजारू, अशी वाटणी त्यात गृहीत धरलेली असते. ती वाटणी गाण्यांमध्ये कुठे सापडत नाही. १९८५चं ‘इनबिटवीन डेज’ घ्या. गिटार इतकी लख्ख की सायकल काढून फिरायला जावं, आणि शब्द मात्र म्हातारपणाच्या नि मरणाच्या गोष्टी करतात. त्याच वर्षीचं ‘क्लोज टू मी’ टाळ्यांच्या ठेक्यावर चालतं, पण आतला माणूस गुदमरलेला आहे. टिम पोपने केलेल्या त्याच्या व्हिडिओत अख्खा बँड एका कपाटात कोंबलेला आहे आणि ते कपाट बीची हेडच्या कड्यावरून समुद्रात पडतं. भीतीदायक आहे आणि विनोदी आहे, एकाच वेळी.

उलटही खरं आहे. ज्या ‘डिसइंटिग्रेशन’ला सगळे काळोखाचा महाग्रंथ समजतात, तो अमेरिकेतल्या त्यांच्या कंपनीला विक्रीच्या दृष्टीने आत्मघातकी वाटला होता, असं स्मिथनेच सांगितलं आहे. त्याच अल्बममधलं ‘लव्हसाँग’ अमेरिकेच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर गेलं, आणि एकट्या गाण्याचं त्यांचं तिथलं आजवरचं सगळ्यात मोठं यश तेच. ते गाणं स्मिथने बायकोला, मेरीला, लग्नाची भेट म्हणून लिहिलं. काळोखाच्या मधोमध लग्नाचा आहेर ठेवणाऱ्या माणसाला रडका म्हणण्यापूर्वी जरा थांबायला हवं.

आता ते बदनाम ‘फ्रायडे आय’म इन लव्ह’. बाजारासाठी रचलेलं गाणं म्हणून त्याला हिणवतात. ही चाल सुचली तेव्हा इतकी सोपी वाटली की आपण ती कुठून तरी उचलली असणार, असं स्मिथला वाटलं. तो भेटेल त्याला वाजवून दाखवत हे आधी कुठे ऐकलंय का, असं विचारत सुटला. शिवाय स्टुडिओत टेपचा वेग कमी-जास्त करण्याशी तो खेळत बसला होता आणि बटण मूळ जागी आणायचं राहून गेलं. त्यामुळे रेकॉर्डवरचं गाणं साधारण पाव सुराने चढलेलं आहे. रेकॉर्डसोबत गिटार लावून वाजवायचा प्रयत्न केलेल्या कुणालाही हे ठाऊक असतं: तारा नेहमीसारख्या जुळवल्या की डी कॉर्डही बेसूर लागते आणि आपलाच कान बिघडलाय असं वाटतं. बाजारासाठी आखलेल्या मालात असल्या चुका शिल्लक ठेवत नाहीत.

गॉथपणाबद्दल फार बोलण्यात अर्थ नाही. स्मिथ काही काळ ‘सूझी अँड द बॅनशीज’ या गॉथमध्ये गणल्या जाणाऱ्या बँडमध्ये गिटार वाजवायचा, केस आणि काजळ तर जगजाहीर. तो स्वतः मात्र हा शिक्का नाकारत आला आहे. त्याला हवं तर दुर्लक्ष करा, पण मग १९९१च्या ‘एमटीव्ही अनप्लग्ड’ या टीव्ही कार्यक्रमात हीच मंडळी मांडी घालून, तोंडाला पिपाणीसारखे काझू लावून ‘द वॉक’ वाजवताना दिसतात, ते कुठल्या गॉथपंथात बसवायचं तेही सांगा.

‘एकाच माणसाचा बँड’ हा आरोप थोडा विचार करण्यासारखा आहे. पहिल्यापासून आजवर टिकलेला स्मिथ एकटाच. शब्द त्याचे, आवाज त्याचा, शेवटचा शब्दही त्याचाच. १९८५चा ‘द हेड ऑन द डोअर’ आणि २०२४चा ‘साँग्ज ऑफ अ लॉस्ट वर्ल्ड’ या दोन अल्बमवर रचनाकार म्हणून फक्त त्याचं नाव आहे. पण मधल्या ‘डिसइंटिग्रेशन’वर सगळ्या बँडचं नाव लागतं, हे त्याच अल्बमची आरती ओवाळणाऱ्यांना दिसत नाही. ‘फॅसिनेशन स्ट्रीट’ कुणीही गुणगुणायला घेतलं तर आधी तोंडात येतो तो गॅलपचा बेस. ‘अ फॉरेस्ट’चंही तेच: शेवटी बाकी सगळी वाद्यं एकेक करून निघून जातात आणि बेस तेवढा उरतो. खुद्द स्मिथने ‘पिक्चर्स ऑफ यू’वर सहा तारांचा फेंडर बेस वाजवलाय. खालच्या स्वरातलं वाद्य वरची सुरावट धरतं आणि ऐकणाऱ्याला गिटार कुठली, बेस कुठला हे चटकन कळत नाही. हा आवाज एका माणसाच्या डोक्यात सुचेल, एका माणसाच्या हातून निघणार नाही.

माणसांची ये-जा एखाद्या भांडकुदळ एकत्र कुटुंबासारखी. गॅलप गेला, १९८५च्या अल्बमपर्यंत परत आला; २०२१च्या ऑगस्टमध्ये पुन्हा गेल्याचं जाहीर केलं आणि ऑक्टोबरमध्ये आहे तिथेच असल्याचं सांगितलं. पेरी बॅमोंट आधी बँडच्या वाद्यांची देखभाल करायचा, १९९० मध्ये सदस्य झाला, २००५ मध्ये बाहेर पडला, २०२२ मध्ये परतला. कीबोर्डवाला रॉजर ओ’डॉनेल तीनदा आलाय. स्मिथचा शाळेपासूनचा मित्र लॉल टॉलहर्स्ट याला १९८९ मध्ये दारूपायी काढलं, प्रकरण कोर्टात गेलं, टॉलहर्स्ट हरला. आणि २०११ मध्ये सिडनीच्या ऑपेरा हाउसमध्ये पहिले तीन अल्बम सलग वाजवले तेव्हा तो पुन्हा मंचावर होता. भाड्याचे वादक ठेवणाऱ्याकडे माणसं अशी परत येत नाहीत.

मुख्य मुद्दा संपण्याचा. १९८९ मध्ये संपलेल्या या बँडचा ‘विश’ १९९२ मध्ये ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर आणि अमेरिकेत दुसऱ्या क्रमांकावर होता. ‘डिसइंटिग्रेशन’ ब्रिटनमध्ये तिसरा आणि अमेरिकेत बारावा. २००० मध्ये ‘ब्लडफ्लॉवर्स’ आला. तो स्मिथला इतका जवळचा की २००२ मध्ये बर्लिनमध्ये त्याने ‘पोर्नोग्राफी’, ‘डिसइंटिग्रेशन’ आणि हा, असे तिन्ही अल्बम एका बैठकीत पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवले.

‘विश’नंतरचा पडता काळ मात्र झाकण्यात अर्थ नाही. १९९६चा ‘वाइल्ड मूड स्विंग्ज’ विस्कळीत आहे. २००८चा ‘फोर थर्टीन ड्रीम’ ब्रिटनमध्ये ३३व्या क्रमांकावर अडकला, आणि मला विचाराल तर त्याहून वर जायची त्याची लायकीही नव्हती. त्यानंतर १६ वर्षं नवा अल्बम नाही. २०१९ पासून स्मिथ ‘येतोय, येतोय’ म्हणत राहिला आणि चाहत्यांनी त्यावर विनोद केले, ते त्याने कमावलेले होते. पोस्ट लिहिणाऱ्याने इथवर थांबून निकाल दिला असता तर वाद घालायला मजा आली असती.

पण २०२२ पासूनचं काय? त्या ऑक्टोबरमध्ये लाटव्हियातल्या रीगा शहरातून दौरा सुरू झाला. कार्यक्रमाचं पहिलं गाणं ‘अलोन’. ते तेव्हा प्रसिद्ध झालेलं नव्हतं, कुणाला पाठ नव्हतं, आणि जवळजवळ सात मिनिटांचं आहे. त्यातली तीन मिनिटं उलटून गेल्याशिवाय स्मिथ तोंडच उघडत नाही. जुन्या गाण्यांवर जगणारा बँड पडदा वर गेल्यावर सगळ्यात पाठ असलेलं गाणं फेकतो आणि पहिल्या मिनिटाला प्रेक्षक खिशात घालतो. हे लोक दौऱ्यात रात्रीमागून रात्र अनोळखी गाण्याने दार उघडत राहिले, आणि प्रेक्षक ताटकळत उभे राहिले.

वेल्समधल्या रॉकफील्ड स्टुडिओत ध्वनिमुद्रित केलेला ‘साँग्ज ऑफ अ लॉस्ट वर्ल्ड’ अखेर १ नोव्हेंबर २०२४ला आला. गाणी फक्त आठ. ब्रिटनमध्ये पहिला क्रमांक, ‘विश’नंतर प्रथमच. मधल्या वर्षांत स्मिथचे आईवडील आणि मोठा भाऊ रिचर्ड गेले. ‘आय कॅन नेव्हर से गुडबाय’ त्या भावावरचं आहे. तरुणपणी त्याने मरणावर लिहिलं ते फ्रेंच लेखक कामूची कादंबरी वाचून. साठीत लिहिलं ते घरातलं माणूस गेल्यावर. शब्द जवळपास तेवढेच साधे, वजन मात्र वेगळं. शेवटचं ‘एंडसाँग’ दहा मिनिटांच्या वर आहे आणि त्यात आवाज सहा मिनिटांनंतर येतो. इतका वेळ नुसत्या ढोलांवर आणि विव्हळणाऱ्या गिटारवर ऐकणाऱ्याला धरून ठेवणं ‘डिसइंटिग्रेशन’मध्येही या मंडळींना एवढं जमलं नव्हतं, असं माझं मत. अल्बम आला त्याच रात्री लंडनच्या ट्रॉक्सी सभागृहात आठही गाणी आधी वाजवली, जुनी नंतर. एकूण ३१.

राहिला पैशांचा मुद्दा. २०२३च्या अमेरिका दौऱ्यासाठी बँडने काही तिकिटं २० डॉलरपर्यंत खाली ठेवली आणि मागणीप्रमाणे भाव चढवणारी पद्धत नाकारली. काळाबाजार रोखायला तिकीट दुसऱ्याच्या नावावर करायलाही बंदी घातली. न्यूयॉर्क, इलिनॉय आणि कोलोराडो राज्यांत कायदा आड आला, तिथे ती घालता आली नाही. मग विक्री सुरू झाली आणि एका चाहत्याने बिलाचा फोटो टाकला. २० डॉलरची ४ तिकिटं, म्हणजे ८० डॉलर. त्यावर प्रत्येकी ११.६५ डॉलर सेवाशुल्क, प्रत्येकी १० डॉलर सभागृहाचे, वर ५.५० डॉलर ऑर्डरचे. बिल १७२.१० डॉलर; तिकिटांपेक्षा शुल्कच जास्त. स्मिथने ट्विटरवर, सगळी अक्षरं मोठी, आपल्याला याची किळस आल्याचं लिहिलं आणि तिकिटं विकणाऱ्या तिकीटमास्टर कंपनीला जाब विचारला. कंपनी नमली: सगळ्यात स्वस्त तिकीट घेतलेल्या नोंदणीकृत चाहत्यांना तिकिटामागे १० डॉलर परत, बाकीच्यांना ५.

प्रसिद्धीसाठी केलं, असं यावर म्हणतात. असेलही. पण ज्यांच्या खात्यात १० डॉलर परत आले त्यांनी ते कशासाठी मिळाले याची चौकशी केल्याचं ऐकिवात नाही, आणि त्यानंतर इतर मोठ्या बँडांच्या तिकिटांचे भाव विक्रीच्या दिवशी दुप्पट-तिप्पट झाले की लोक अजूनही स्मिथचंच नाव काढतात.