घरात पाहुणे पैसे देऊन राहतात, हे विमा कंपनीला सांगितलंय का?

"दोनच तर खोल्या आहेत, त्याला कुठे हॉटेल म्हणायचं!" घरातल्या घरात बेड अँड ब्रेकफास्ट चालवणाऱ्या कुणाकडेही विम्याचा विषय काढा, हेच ऐकायला मिळतं. नाहीच ते हॉटेल, कबूल. पण विमा कंपनी खोल्या मोजत बसत नाही. घरात कोण राहतं आणि ते पैसे देऊन राहतं का, एवढंच ती बघते. घराची साधी पॉलिसी मालक आणि त्याचं कुटुंब राहणार असं धरून लिहिलेली असते आणि प्रीमियमही त्याच हिशेबाने ठरतो. पैसे घेऊन पाहुणे ठेवायला लागलात की हा हिशेबच बदलतो, मग ते वर्षातले चार शनिवार-रविवार का असेनात.

लोकांना वाटतं, घर तेच, भिंती त्याच, मग धोका वाढला कुठे? जिन्याची एक पायरी जरा उंच आहे हे तुमच्या पायांना सवयीने माहीत असतं. कुठल्या नळाला एकदम उकळतं पाणी येतं, तेही. अंधारात पहिल्यांदाच त्या जिन्यावरून उतरणाऱ्या माणसाला यातलं काहीच माहीत नसतं. तो पडला, हाड मोडलं, त्याने भरपाई मागितली, तर ती द्यायची कुणी? माझ्या मते खरी भीती आगीची नाहीच, ही आहे. आगीत जास्तीत जास्त घर आणि सामान जाईल, तो आकडा निदान डोळ्यांसमोर असतो. दुसऱ्याच्या दुखापतीच्या भरपाईला वरची मर्यादा तुम्ही ठरवत नाही, आणि वर वकिलाचा खर्च वेगळा. म्हणून पब्लिक लायबिलिटीचं, म्हणजे दुसऱ्याच्या दुखापतीची किंवा नुकसानीची भरपाई द्यावी लागली तर ती भरणारं कव्हर आधी घ्यावं, बाकीचं मागून. बऱ्याच घरगुती पॉलिसींत थोडंफार लायबिलिटी कव्हर असतं खरं, पण व्यवसायातून उद्भवलेली जबाबदारी त्यातून वगळलेली असते.

चोरीचंही तसंच. अनेक पॉलिसींत चोरीचा क्लेम मिळायला कुलूप तोडल्याच्या, जबरदस्तीने आत शिरल्याच्या खुणा लागतात. इथे तर किल्ली तुम्हीच हातात दिलेली असते! पाहुण्यासोबत टीव्ही गेला, तर दाखवायची कुठली खूण? आणि उलट बाजूही आहे: सीझन संपला आणि घर सलग बरेच दिवस बंद राहिलं, तरी काही कव्हर थांबतात. किती दिवस, ते पॉलिसीत लिहिलेलं असतं. वाचा.

"पण विचारलंच नाही तर सांगायचं कशाला?" याचं उत्तर फार जुनं आहे. १७६६ साली इंग्लंडमध्ये कार्टर विरुद्ध बोहम हा खटला झाला. सुमात्रातल्या फोर्ट मार्लबरोचा गव्हर्नर कार्टर याने किल्ला शत्रूच्या हाती पडेल म्हणून विमा काढला होता, आणि १७६० मध्ये फ्रेंचांनी किल्ला घेतलाही. विमा देणारा म्हणाला, किल्ला कमकुवत आहे हे लपवलंत. न्यायमूर्ती लॉर्ड मॅन्सफिल्ड यांनी तत्त्व सांगितलं ते असं, की धोक्याची खरी माहिती बहुतेक विमा काढणाऱ्यालाच असते, म्हणून ती त्याने उघड करायची. गंमत म्हणजे निकाल कार्टरच्या बाजूने लागला, कारण किल्ल्याची परिस्थिती विमा देणाऱ्यालाही समजून घेता आली असती. तुमच्या मागच्या खोलीत कोण उतरतं हे मात्र कंपनीला तुम्ही सांगितल्याशिवाय कळायचं नाही. क्लेम आल्यावर मग बरोबर कळतं. तुमची ऑनलाइन जाहिरात, खोल्यांचे फोटो आणि पाहुण्यांनी तारखेसकट लिहिलेले रिव्ह्यू सर्व्हेअरला, म्हणजे नुकसान तपासायला आलेल्या माणसाला, मोबाईलवर दोन मिनिटांत सापडतात.

बुकिंगच्या वेबसाइटवर विसंबून राहणारेही बरेच. एअरबीएनबी यजमानाच्या वस्तूंच्या नुकसानीसाठी जे संरक्षण देते, तो विमा नाही, हे तीच कंपनी आपल्या अटींत लिहिते. शिवाय असं संरक्षण त्या वेबसाइटवरून झालेल्या बुकिंगपुरतंच असतं. मित्राच्या ओळखीने थेट फोन करून आलेल्या पाहुण्याचं काय?

विमा रकमेचं एक गणित मात्र समजून घ्याच. पाहुण्यांसाठी बाथरूम वाढवलं, फर्निचर आणलं, पण रक्कम जुनीच ठेवली. समजा, सगळं नव्याने उभं करायला १०० लागतील आणि विमा आहे ६० चा. नुकसान २० चं झालं, तर सरासरीचं कलम (विमा जितका कमी, तितक्याच प्रमाणात भरपाईही कमी, ही अट) असलेल्या पॉलिसीत हातात येतात १२. लोक म्हणतात, २० तर ६० च्या आतच आहेत ना! कंपनी म्हणते, ४० टक्के जोखीम तुम्हीच अंगावर घेतली होती.

दुरुस्ती चालू असताना बुडालेलं भाडं हवं असेल, तर ते बहुधा वेगळं मागून घ्यावं लागतं.

विमा कंपन्यांची बाजू घेतोय असं समजू नका. पाहुणे ठेवता का, हा एक प्रश्न फॉर्मवर ठळक छापायला यांचं काय जातं? जोवर तो नाही, तोवर पहिलं बुकिंग घेण्याआधी आपणच लेखी कळवायचं, आणि बदल पॉलिसीला एंडॉर्समेंट, म्हणजे लेखी पुरवणी, म्हणून जोडून मागायचा. प्रीमियम वाढेल, किंवा ही कंपनी नाही म्हणेल आणि दुसरी शोधावी लागेल. एजंट "चालतं हो, काही होत नाही" म्हणाला, तर त्याला म्हणा, हेच वाक्य कंपनीच्या मेलवरून पाठवा.