लॉक फाइल उडवा, निवांत राहा

अंधेरीच्या ऑफिसात नवीन रुजू झालात की आधी प्रोजेक्टमधली लॉक फाइल शोधा आणि उडवून टाका. हजारो ओळींची असते, कोणी वाचत नाही आणि दोघांचा कोड एकत्र (मर्ज) करताना दरवेळी नेमकी तीच आडवी येते. कोणत्या प्लगइनची (म्हणजे दुसऱ्याने लिहिलेल्या तयार कोडची) कोणती आवृत्ती बसवली, तिच्या पोटात आणखी कोणाकोणाची कोणती, एवढंच त्यात लिहिलेलं. तुमच्या लॅपटॉपवर चालतंय ना? मग सर्व्हरचं सर्व्हर बघून घेईल.

एनपीएममध्ये, म्हणजे जावास्क्रिप्टचे प्लगइन आणून बसवणाऱ्या साधनात, आवृत्तीचा आकडा लिहायचाच झाला तर पुढे टोपी चढवा: ^१.४.०. म्हणजे २.०.०च्या अलीकडचं जे नवं येईल ते आपोआप आत. टोपीऐवजी ~ लावलंत तर फक्त १.४च्या घरातलंच येतं. ती भित्र्यांची सोय. मधला आकडा वाढला तरी जुनं काही मोडणार नाही, असा प्लगइन लिहिणाऱ्याचा शब्द असतो. तो बिचारा कुठेतरी रात्री जागून फुकटात काम करतो. त्याच्या शब्दावर आपल्या क्लायंटचं पेमेंट पेज टांगायला काय हरकत आहे? जानेवारी २०२२मध्ये ‘कलर्स’ या एनपीएमवरच्या प्लगइनच्या लेखकाने नव्या आवृत्तीत स्वतःच कधीही न संपणारं लूप घालून सोडलं. लॉक फाइलवाल्यांकडे जुनीच आवृत्ती राहिली, ते त्या रात्री झोपले. तुम्हाला झोपायला पगार देतात का?

रुबी भाषेत वेबसाइट बांधायच्या रेल्स या चौकटीत पूर्वी व्हेंडर/प्लगइन्स हा फोल्डर असे. प्लगइनचा कोड उचलायचा, त्यात ओतायचा, आवृत्ती-बिवृत्तीची भानगडच नाही. रेल्स ३.२ने २०१२मध्ये कुरकुर सुरू केली आणि २०१३मध्ये रेल्स ४ने ती सोय बंदच केली. लोकांना दुसऱ्याचं चांगलं बघवत नाही. तरी हिंमत हरू नका. प्लगइनची फाइल उघडा, थेट तिच्यातच बदल करा आणि कॉमेंट अजिबात टाकू नका. पुढच्या अपडेटला तो बदल पुसला जाईल, जीएसटीची बेरीज चुकायला लागेल. तोवर तुम्ही ऐरोलीला दुसरी नोकरी धरलेली असेल. (पगार जास्त, पण ठाण्याला गाडी बदलावी लागते.)

दोन प्लगइनना एकाच जेमच्या (रुबीतल्या तयार कोडच्या गठ्ठ्याच्या) दोन वेगळ्या आवृत्त्या हव्या असतील तर जेम बसवणारा बंडलर सरळ ‘जमत नाही’ म्हणतो, कारण रुबीला एका वेळी एकच आवृत्ती लोड करता येते. जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडचं मन मोठं. प्रत्येकाला नोड_मॉड्यूल्स या फोल्डरमध्ये स्वतंत्र खोली. रिॲक्ट या पानाचे भाग बांधायच्या लायब्ररीच्या दोन प्रती आत आल्या की हुक्स, म्हणजे तिची खास फंक्शन्स, एरर देतात, पण पाहुणे म्हटले की थोडी गैरसोय व्हायचीच.

जेक्वेरी या जुन्या जावास्क्रिप्ट लायब्ररीचं तर विचारूच नका. तिचं नोकॉन्फ्लिक्ट हे फंक्शन वापरलं की एकाच पानावर दोन आवृत्त्या सुखाने नांदतात. त्यातली जुनी कशाला ठेवलीय? होमपेजवरच्या स्लायडरसाठी. गिरगावातल्या पागडीच्या भाडेकरूसारखी आहे ती. भाडं नाममात्र, पण हलवायची छाती कोणाची नाही. हलवायला गेलात तर मॅनेजर विचारेल, “चालतंय ना? मग कशाला हात लावतोस?”

वर्षातून एकदा सिक्युरिटी ऑडिटवाले येऊन आवृत्त्यांची यादी मागतात. एक्सेलमध्ये सुबक तक्ता करून द्या, आणि सगळ्यांपुढे लिहा: ‘लेटेस्ट’.