साहेबराव करपेंकडे कोणता मोबाईल होता?

आठवडाभर एक मेसेज फिरतो आहे. त्याचा सार असा: मोबाईलपायी माणसाचं लक्ष १२ सेकंदांवरून ८ वर आलं, गोल्डफिश माशाचंसुद्धा ९ सेकंद टिकतं. पूर्वी रात्र-रात्र नाटक बघणारी माणसं आता रीलपुढे सरकत नाहीत. आणि मोबाईलनं संयम संपवला म्हणून विदर्भातला तरुण शेतकरी जीव देतो. खाली जोडलेले हात आणि 'मोबाईल सोडा, शेतकरी वाचवा'.

सोडून दिलं असतं. पण तो मेसेज आर्णीजवळच्या आमच्या आत्याकडे पोचला. तिच्या दिराचा मुलगा असाच गेला. रात्री तिचा फोन आला, "त्याले फोन मीच घेऊन देला होता ना रे बाबू." म्हणून लिहितोय.

मासा आधी निकालात काढतो. ८ सेकंदांचा आकडा मायक्रोसॉफ्ट कॅनडाच्या २०१५ च्या अहवालामुळे जगभर गेला. त्यांनी तो 'स्टॅटिस्टिक ब्रेन' नावाच्या वेबसाइटवरून घेतला होता. २०१७ मध्ये बीबीसीनं त्या वेबसाइटनं दिलेल्या संदर्भांकडेच चौकशी केली, तर असं संशोधन कोणाकडेच सापडेना. गोल्डफिशला तर शिकवलेलं महिनोन्महिने लक्षात राहतं. त्या बिचाऱ्याचीही बदनामीच.

आता शेतकऱ्याचं. यवतमाळ जिल्ह्यात महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे यांनी १९ मार्च १९८६ ला कुटुंबासह जीव दिला. त्यांच्या आठवणीत आजही लोक १९ मार्चला अन्नत्याग करतात. भारतात मोबाईलवरून पहिला कॉल झाला ३१ जुलै १९९५ ला. पंतप्रधान मनमोहन सिंग २००६ मध्ये विदर्भात आले; अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशीम, वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. तेव्हा गावात असले तर बटणांचे चार-दोन फोन. व्हॉट्सअ‍ॅप आलं २००९ मध्ये, जिओ २०१६ मध्ये. मरण आधी आणि कारण वीस-तीस वर्षांनी, हा कुठला हिशेब?

आणि संयम कोणाचा काढता? कोरडवाहू कापूस म्हणजे मृगाच्या भरवशावर पेरायचं, पावसानं दडी मारली की कृषी केंद्राची उधारी वाढवून दुबार पेरायचं, बोंडअळीतून वाचेल ते वेचायचं. मग भाव वाढेल या आशेनं तोच कापूस घरात रचून ठेवायचा, घरातल्यांच्या अंगाला खाज सुटेस्तोवर. ओलितवाल्याची विजेची लाइन रात्रीच्या पाळीत आली की तो मोटरीजवळ जागतो. बँक, सावकार आणि बाजारभाव यांना मेसेजमध्ये एक ओळ नाही. कारण त्यांचं नाव घेतलं की जोडलेल्या हातांनी भागत नाही. आत्यासारख्या बाईच्या माथी दोष मारणं सोपं.

'मोबाईल सोडा' म्हणणाऱ्यानं हेही सांगावं की ई-पीक पाहणी, म्हणजे शेतातल्या पिकाची सरकारी नोंद, कशावर करायची? बांधावर उभं राहून फोटो अ‍ॅपवरच काढावा लागतो, मग नेटवर्क शोधत फिरायचं. सीसीआयला, म्हणजे हमीभावानं कापूस घेणाऱ्या सरकारी महामंडळाला, कापूस घालायचा तर २०२५ पासून नोंदणी 'कपास किसान' अ‍ॅपवर.

नाटकाचं ज्याला वाटतं त्यानं दिवाळीनंतर गडचिरोलीतल्या वडशाकडे यावं. मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरली की झाडीपट्टीत, या पूर्व विदर्भाच्या भागात, नाटकाला माणसं तिकीट काढून बसतात ती पहाटेपर्यंत, शाली गुंडाळून. दिवसा रील बघणारी पोरंही त्यात असतात.

एक मात्र कबूल करावं लागतं, मनात नसलं तरी. पडद्यावरचं लक्ष खरंच लवकर उडू लागलंय. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या ग्लोरिया मार्क यांनी २००४ मध्ये मोजलं तेव्हा माणूस एका स्क्रीनवर सरासरी अडीच मिनिटं टिकत होता. अलीकडच्या मोजणीत ते ४७ सेकंदांच्या आसपास आलं. आमच्या घरातलं पोरगंही जेवताना फोनवरून मान काढत नाही, त्यावर रोज कटकट होते. ती कटकट रास्तच आहे. पण मार्कबाईंची मोजणी ऑफिसात संगणकापुढे बसणाऱ्यांची आहे, तीही स्क्रीन बदलण्याची. पऱ्हाटीत, म्हणजे कापसाच्या शेतात, दिवसभर निंदणाऱ्या बाईला तो आकडा लावायचा असेल, तर आधी पिकाच्या ओळीत उतरून मोजून आणा.