देवघरातला गोकू

यंदा मे महिन्यात भाचा आजोळी आला तो बॅगेत एक गोकू घेऊन आला, म्हणजे ड्रॅगन बॉल या जपानी कार्टूनचा हिरो. वीतभर उंचीचा, प्लास्टिकचा, सोनेरी केस ताठ उभे, मुठी आवळलेल्या आणि चेहरा असा की आपल्या गेटसमोर कोणीतरी गाडी लावून गेलंय. स्टेशनबाहेर दीडशेला मिळाला म्हणे. तिसऱ्या दिवशी सकाळी माझा चहा पण झाला नव्हता तर आईची हाक आली, "अरे, हा कोण उभाय बघ देवात." जाऊन बघतो तर बाळकृष्ण आणि अन्नपूर्णेच्या मधे गोकू, आणि पायाशी जास्वंदीचं फूल पण वाहिलेलं.

"आजी, तो गॉड आहे," भाचा म्हणाला. "सुपर सायन गॉड होतो तेव्हा केस लाल होतात, हे त्याच्या आधीचं रूप आहे."

तेवढ्यात खालच्या मजल्यावरचा त्याचा मित्र आला. तो सैतामा पार्टीतला, म्हणजे दुसऱ्या एका जपानी कार्टूनमधला तो टकला जो कोणालाही एका बुक्कीत आडवा करतो. त्याचं म्हणणं जो सगळ्यात स्ट्राँग तो देव, मग गोकू कशाला, टकल्याला बसवा. आता सैतामाची ताकद मला मान्य आहे, पण सुपरमार्केटचा सेल चुकला म्हणून जो माणूस हळहळतो त्याला देव म्हणायचं तर आमच्या सोसायटीत निम्मे देव निघतील. हे मी बोललो आणि तिथेच फसलो. "मामाला सगळं माहितीये!" असं दोघं एकदम ओरडले आणि आई म्हणाली, "मग तूच सांग बाबा, ठेवू का काढू? माझी पूजा खोळंबलीये."

झालं काय की कॉलेजात असताना मी कार्टून नेटवर्कवर ड्रॅगन बॉल झी बघायचो, फ्रीझा नावाचा व्हिलन म्हणतो पाच मिनिटांत ग्रह फुटणार आणि ती पाच मिनिटं संपता संपत नाहीत, एपिसोडवर एपिसोड जातात, तरी बघायचो. त्या पापाची फेड म्हणून आईला समजावायला बसलो.

म्हणलं आई, गोकूच्या दुनियेत देव ही पोस्ट आहे. पृथ्वीचा देव हिरवा, म्हातारा, काठीवाला आणि मूळचा परग्रहावरचा. गोकूने पिकोलो नावाच्या शत्रूला हरवल्यावर या देवाने त्याला विचारलं होतं माझ्या जागी येतोस का, तर गोकू नको म्हणून ढगावर बसून पळून गेला. पुढे त्या जागेवर डेंडे नावाचं एक पोरगं आणून बसवलं.

"अनुकंपा तत्त्वावर?" आईने विचारलं. बाबा जिल्हा परिषदेत होते, तिला हे लगेच कळतं.

"त्याच्या वरती बीरस, विनाशाचा देव. दिसायला मांजर, वर्षानुवर्षं झोपतो, आणि एकदा पुडिंग मिळालं नाही म्हणून पृथ्वी उडवायला निघाला होता."

"दुर्वास," आई नैवेद्याची वाटी पुसत म्हणाली.

"आणि सगळ्यात वर झेनो, लहान पोरासारखा, मनात आलं तर अख्खी विश्वं पुसून टाकतो."

"गोकू त्याला लाडाने झेन-चान म्हणतो!" भाचा.

"म्हणजे वरपर्यंत ओळख आहे," आई.

मग भाच्याने तिला मोबाईलवर छोटा गोकू दाखवला. शेपूट, हातात लांबणारी काठी, ढगावरून उडतोय, पौर्णिमेला प्रचंड वानर होतोय. आई दोन मिनिटं बघत राहिली आणि म्हणाली, "अरे हा तर मारुती!" आता याला मी काय बोलणार, कारण गोकू हे नावच मुळी सोळाव्या शतकातल्या एका चिनी कादंबरीतल्या माकडाचं, सुन वुकाँगचं, जपानी उच्चारात. ते माकड एका भिक्षूबरोबर भारतात ग्रंथ आणायला निघतं आणि तो भिक्षू बेतलाय युआन श्वांगवर, जो सातव्या शतकात खरोखर आपल्या महाराष्ट्रात येऊन गेला, पुलकेशीच्या राज्यात, आणि इथले लोक उपकार विसरत नाहीत आणि अपमान केला तर सोडत नाहीत असं लिहून गेला. ते माकड मारुतीवरून आलं का यावर विद्वान अजून भांडतात, हे मी सांगत होतो पण आईने "म्हणजे आपल्याकडूनच गेलं" एवढंच ऐकलं. नातेवाईकांच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर टाकायला तिला तेवढं पुरेसं होतं, मी आधी तिचा मोबाईल उचलून ठेवला.

मला विचाराल तर खरं भांडण लावलंय सबटायटलवाल्यांनी. जपानीत शब्द आहे कामी आणि हे सरळ गॉड लिहून मोकळे होतात. कामी म्हणजे जग निर्माण करणारा एकुलता एक असं काही नाही, डोंगर कामी, जुनं झाड कामी, धबधबा कामी, एकूण ऐंशी लाख म्हणतात, म्हणजे आपले तेहतीस कोटी अजून पुढेच. मिचिझाने म्हणून दरबारातला एक विद्वान होता, तो ९०३ साली हद्दपारीत वारला, मागाहून राजवाड्यावर वीज पडून माणसं गेली, लोक म्हणाले त्याचाच कोप, आणि त्याला शांत करायला त्याला देव केलं. आता तिथली पोरं परीक्षेच्या आधी त्याच्याच देवळात जातात. "आमच्या म्हसोबाचं तरी वेगळं काय आहे," आई म्हणाली. या हिशेबाने गोकू आरामात बसतो कामीमध्ये, कोण कोणाला बुक्कीत पाडतो हा प्रश्नच येत नाही.

"ते राहू दे," आई म्हणाली, "नवसाला पावतो का?"

इथे भाचा गप्प. कारण गोकू घरी नसतोच, तो कायम ट्रेनिंगला, त्याच्या पोराला सुद्धा घडवलं त्याच जुन्या शत्रूने, पिकोलोने. उलट बू नावाच्या राक्षसाशी लढताना हाच सगळ्यांना म्हणतो हात वर करा आणि मला शक्ती द्या, म्हणजे देवच वर्गणी मागतोय, आणि लोक द्यायला तयार नाहीत! शेवटी मिस्टर सेटन नावाचा मिशीवाला पैलवान, ज्याने आयुष्यभर दुसऱ्याचं श्रेय लाटलं, तो ओरडला तेव्हा कुठे हात वर झाले. (आमच्या वॉर्डात त्याचा फ्लेक्स शोभला असता.)

"इच्छा पूर्ण करतो ड्रॅगन," भाचा हळूच म्हणाला. "सात बॉल गोळा केले की. पण मग ते बॉल वर्षभर दगड होतात."

"आमचे कायमचेच दगड आहेत," आई म्हणाली, "तरी पावतात."

आणि तिने निकाल दिला, राहू दे गोकू, लेकराने फूल वाहिलंय, पण देवात पारोसा कोणी बसायचा नाही. सगळ्यांबरोबर त्याला ताम्हनात घेतला, पंचामृत, मग कोमट पाणी, मग खसखसून फडकं. दीडशेचा माल तो, सोनेरी रंग सगळा फडक्याला आला आणि खालून निघालं चांदीसारखं करडं प्लास्टिक. मला वाटलं आता भोकाड. पण भाच्याचे डोळे मोठे झाले, तो गच्चीपर्यंत ऐकू जाईल असा ओरडला, "आजीने त्याला अल्ट्रा इन्स्टिंक्ट केलं!" त्यात केस चंदेरीच होतात, आणि ही गोकूची फार वरची पायरी.

दुपारी खालचा पोरगा जिना धावत चढून आला, हातात सैतामा. "आजी, याला पण करा ना."

आईने त्याला उजेडात फिरवून बघितलं. "याला केस कुठेत, याचं काय व्हायचंय," म्हणाली, तरी धुतला, पुसला आणि शाळिग्रामाच्या शेजारी ठेवला.