'बदलून बघू' म्हणणाऱ्यांनी वीट आणलाय

"बदलून बघू." हे दोन शब्द आता कुणा मेकॅनिकनं उच्चारले तरी माझं डोकं सणकतंय. प्लग बदलून बघू. कॉइल बदलून बघू. इंजेक्टर साफ करून बघू. अरे, मग आधी बघा की नीट! बदलायचे पैसे माझ्या खिशातनं जातात.

गाडी टर्बो पेट्रोल, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा टर्बो असलेली. तक्रार एवढीच, की वाघबिळातनं पन्हाळ्याकडं चढाला लागून गाडी दाबली की मिसिंग (सिलिंडरात पेट्रोल नीट न पेटून इंजिन अडखळणं) सुरू, आणि पाय काढला की सायलेन्सरमधून ढाम्! मागचा दुचाकीवाला दचकून बाजूला होतो, असा बार. गावात हळू चालवताना काही म्हणजे काही नाही. हे ऐकून इंजिनवर हात बसलेल्या माणसाच्या डोक्यात पहिलं काय यायला पाहिजे? बूस्ट, म्हणजे टर्बोचा हवेचा दाब, तयार झाल्यावरच त्रास होतोय, तर आधी टर्बोपासून थ्रॉटलपर्यंतची, म्हणजे इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेपर्यंतची, हवेची वाट तपासू. पण नाही. "पेट्रोल कुठलं घालताय सायेब? आता ई-२० आलंय, वीस टक्के इथेनॉलवालं, त्यानंच होतंय." विषय संपला! त्याच पंपावरचं पेट्रोल घालून शेजाऱ्याची टर्बो गाडी घाट चढते ती कशी मग?

आवाज पुढून येतोय की मागून, हे सुद्धा कुणी विचारलं नाही. पुढं हवा आत घेणाऱ्या इनटेकमध्ये बार होत असेल तर मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय का, टायमिंग हललंय का, व्हॉल्व्ह नीट बसतोय का ते बघायचं. मागं सायलेन्सरात होत असेल तर न जळलेलं पेट्रोल तिथं जाऊन पेटतंय, म्हणजे बहुतेक वेळा एकतर ठिणगी चुकतीय नाहीतर पेट्रोल जादा पडतंय. एका प्रश्नात निम्मं काम झालं असतं.

आणि ट्रायल? वर्कशॉपपासून कावळा नाक्यापर्यंत, ट्रॅफिकमधनं, पाय अलगद ठेवून. "बघा, कुठं आवाज आहे?" अहो, टर्बोवर लोडच आला नाही तर आवाज येणार कुठनं? स्कॅनर लावला तर पी०३०० निघाला. तो कोड मिसफायर, म्हणजे तेच मिसिंग, होतोय एवढंच सांगतो, का होतोय ते सांगत नाही. त्याच्या जोडीला पी०१७२ होता, मिश्रणात पेट्रोल जास्त होतंय असं स्पष्ट सांगणारा. दोन्ही पुसले आणि "एरर काढला" म्हणून बिलात लावला.

प्लगचं तर विचारूच नका. बूस्टमध्ये सिलिंडरातला दाब वाढतो, त्या दाबात ठिणगी उडवायला जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून टर्बो गाडीत प्लगची गॅप, म्हणजे ठिणगी उडते ती फट, कमी ठेवतात. बऱ्याच इंजिनांत ०.७ ते ०.८ मिमी. यांनी प्लग खोक्यातनं काढले आणि तसेच आवळले. घरी काढून फिलर गेज (फट मोजायची पट्टी) घातला तर १.१! नव्या प्लगांनी मिसिंग वाढलं, आणि ते वाढलं म्हणून यांनी प्लगला व्होल्टेज देणाऱ्या कॉइल बदलायला लावल्या. हे काम म्हणायचं का?

त्यात चेक इंजिनचा दिवा लुकलुकत होता. हा दिवा नुसता लागून राहणं वेगळं आणि लुकलुकणं वेगळं. लुकलुकतोय म्हणजे मिसफायर इतका वाढलाय की धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जळू शकतो. न जळलेलं पेट्रोल त्यात जाऊन पेटतं आणि आतली सिरॅमिकची जाळी वितळते. मला काय सांगितलं? "चालतंय की, चालवा निवांत."

शेवटी उद्यमनगरातल्या एका पोरानं टर्बोच्या इनटेकला बूच मारलं, कंप्रेसरची हवा रेग्युलेटर लावून बेतानं सोडली आणि पाइपांवर साबणाचं पाणी मारलं. टर्बोची हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरकडून थ्रॉटलला जाणारा रबरी होज. त्याच्या खालच्या अंगाला, क्लिपला लागून, तेलानं काळी झालेली चीर. सुरुवातीला कोरडीच. दाब वाढला तशी ती ओठांसारखी उघडली आणि भसाभसा फेस. हवा सोडली की परत मिटली, कुठं फाटलंय ते दिसेना.

एवढंच होतं! माझ्या गाडीत एअर फ्लो सेन्सर टर्बोच्या आधी हवा मोजतो. मोजलेल्या हवेच्या हिशोबानं पेट्रोल पडतं, आणि बूस्टमध्ये त्यातली हवा चिरेतनं बाहेर. हवा कमी, पेट्रोल तेवढंच, मग सायलेन्सरात बार होणार नाहीतर काय? होज बदलला, प्लगची गॅप बरोबर केली, गाडी पन्हाळा चढून आली, एक आवाज नाही.

मला संताप याचा येतोय की हे कोल्हापूर आहे. या उद्यमनगरात ऑइल इंजिनं घडली, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रींतनं इंजिनाचं कास्टिंग बाहेर जातं. इथं लेथवरचा माणूस मायक्रोमीटर लावल्याशिवाय जॉब खाली ठेवत नाही. आणि त्याच गावात लाखांच्या गाडीला साबणाचं पाणी मारून बघायला कुणाला वेळ नाही?

जुन्या कॉइल परत मागितल्या, त्या चांगल्याच होत्या. "टाकून दिल्या सायेब." आणि बिलात सगळ्यात वर काय लिहिलंय? तपासणी चार्ज. कसली तपासणी केली होती रे तुम्ही?